शेणावरची छत्री आणि हातावरचं घड्याळ

प्रश्न असा आला आहे: "मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावसाळ्यात आम्ही मित्र जांबोटी, चोर्ल्याकडे फिरायला जातो. एका मित्राचं म्हणणं, म्हशीच्या शेणावर उगवणारी तपकिरी छत्री चिमटीत दाबल्यावर निळी पडली की तीच मॅजिक मशरूम. नैसर्गिक आहे, दारूपेक्षा बरी, त्याने कुणी मरत नाही, असं तो सांगतो. त्याने आणि आणखी एकाने खाल्लीही. तासाभरात जे व्हायचं ते झालं, बाकी काही नाही. खरंच धोका किती? आणि काही झालंच तर काय करायचं?"

तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून एकेरीत बोलते. राग मानू नकोस.

बेळगावात मी २६ वर्षं मेडिसिनची डॉक्टर म्हणून काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं कॅज्युअल्टीच्या रात्रपाळीत गेली. मृग बरसला की कॅज्युअल्टीची रीत बदलते. रोप लावताना सापावर पाय पडलेले, फवारणीचं औषध अंगावर घेतलेले, ओढ्याच्या पाण्याने जुलाब लागलेले, आणि मध्येच केव्हातरी आळंबी खाऊन आलेलं अख्खं घर. यातले नशेसाठी म्हणून खाऊन आलेले मी दहाबाराच पाहिले असतील. बाकी सगळे कालवणासाठी खाल्लेले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या कालवणवाल्यांनी शिकवलं, म्हणून त्यांच्याबद्दलही बोलावं लागेल.

आधी तुझ्या मित्राचं जेवढं खरं आहे तेवढं मान्य करून टाकते. गुरांच्या शेणावर उगवणाऱ्या सिलोसायबी आणि पॅनिओलस या वंशांतल्या काही जातींत सिलोसायबिन असतं. आल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ते वेगळं काढलं. पोटात गेलं की त्यातला फॉस्फेटचा तुकडा गळतो आणि सिलोसिन उरतं. मेंदूत सेरोटोनिन ज्या कुलपांना लागतं, त्यातल्या एकाला, ५-एचटी२ए रिसेप्टरला, हे सिलोसिन जाऊन बसतं. अर्ध्या-पाऊण तासात रंग भडक होतात, भिंत श्वास घेतल्यासारखी हलते, वेळेचं भान सुटतं. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, मळमळतं. चार ते सहा तासांत बहुतेक उतरतं. धडधाकट तरुण माणूस निव्वळ या रसायनाच्या विषाने दगावणं फार दुर्मीळ. इथवर मित्र बरोबर आहे.

'नैसर्गिक' हा शब्द मात्र त्याने परत घ्यावा. पिवळी कण्हेरही नैसर्गिकच आहे, धोतराही. कण्हेरीच्या बिया वाटून खाल्लेल्यांच्या हृदयाचे ठोके मॉनिटरवर कसे अडखळतात, ते एकदा पाहिलं की त्या शब्दाचा मोह कायमचा जातो.

खरी घसरण पुढेच आहे. तो सिलोसायबिनच्या धोक्याबद्दल बोलतो आहे. तुझ्या हातात मात्र सिलोसायबिन नाही, एक छत्री आहे. ती कोणती, हे तुम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नाही.

आपल्याकडे छोट्या तपकिरी छत्र्यांना नावंही नाहीत, हे लक्षात घे. जी खातात तिला आळंबी म्हणायचं. खात नाहीत त्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. कानडीत सगळ्यालाच अणबे. शेकडो जाती एका शब्दात कोंबलेल्या. त्या कुत्र्याच्या छत्र्यांत गॅलेरिना नावाचा वंश आहे. छोटी, तपकिरी, देठावर पातळसं कडं. ती कुजक्या लाकडावर येते, पण लाकूड मातीत गाडलेलं असलं की गवतातच उगवल्यासारखी दिसते. तिच्यात अमाटॉक्सिन असतं. युरोपातल्या कुप्रसिद्ध 'डेथ कॅप'मध्ये असतं तेच. कोनोसायबी हा आणखी एक किरकोळ दिसणारा वंश. त्याच्याही काही जातींत तेच विष. नशेची छत्री समजून गॅलेरिना खाल्ल्याने माणसं गेल्याचं परदेशातल्या वैद्यकीय नोंदींत आहे. इनोसायबी नावाची तपकिरी जमात तर आपल्या घाटांतही आहे. तिच्यात मस्करिन असतं, त्याने घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, धाप आणि नाडी मंद, असा वेगळाच प्रकार होतो.

निळं पडण्याची खूण? सिलोसिनला हवा लागली की निळं पडतं हे खरं. पण देठ मोडला की निळ्या पडणाऱ्या बोलीट जातीच्या आळंब्याही आहेत, त्यांत काही विषारी, आणि त्यांचा नशेशी काही संबंध नाही. शिवाय निळी पडलेली एक छत्री तुम्ही तपासता आणि पिशवीत वीस भरता. उरलेल्या एकोणीस कुणी दाबून पाहिल्या? पावसात, धुक्यात, हसतखिदळत, एकाच उतारावरून तोडलेल्या.

कणकुंबीच्या बाजूच्या एका धनगरवाड्यावर एक आजी होती, माझी जुनी पेशंट, बीपीची. तिच्याकडून मी आळंबी शिकले असं म्हटलं तरी चालेल. ती फक्त वारुळावरची आणायची. तीही कुठल्याही वारुळावरची नव्हे, दरसालच्या ठरलेल्या तीन-चार वारुळांवरची. "बाकीची कशाला वळखाय पायजे?" असं ती म्हणायची. तिचं सगळं ज्ञान नकार देण्यात होतं. जुलै-ऑगस्टात खानापूरच्या रस्त्यावर पानांत गुंडाळून जी आळंबी विकायला बसतात, ती बहुतेक अशीच वारुळावरची. वाळवी आणि ती बुरशी एकमेकांच्या जिवावर जगतात, त्यामुळे जागा बदलत नाही आणि ओळखायला सोपं जातं. शेणावरच्या छत्रीला असा ठावठिकाणा नाही. आज हे शेण, उद्या ते.

बाकी ज्या परीक्षा ऐकायला मिळतात, म्हणजे शिजवताना लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचं नाणं टाकून बघायचं, किड्यांनी खाल्लेली चालते, त्यातली एकही खरी नाही. गोगलगायी डेथ कॅप मजेत खातात. शिजवून, वाळवून, मिठात घालून अमाटॉक्सिन जात नाही. चवही वाईट नसते; वाचलेले रुग्ण "कालवण झ्याक झालं होतं" असंच सांगतात.

आता घड्याळाबद्दल. हा भाग मित्रालाही वाचून दाखव.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूरच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतलं पाच माणसांचं घर. रात्री आठला आळंब्याचं कालवण आणि भाकरी खाऊन झोपले. पहाटे पाचच्या सुमाराला पाचांनाही ओकाऱ्या आणि पाण्यासारखे जुलाब. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट थांबलं, चेहऱ्यावर तरतरी आली, पेज खाल्ली, घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्या मुलीचे डोळे पिवळे दिसले. आमच्याकडे पोचेपर्यंत ती बरळत होती. पाचांतली तिघं घरी गेली.

त्या दवाखान्याला दोष देणं सोपं आहे. पण आमच्याकडे आल्यावरही पहिला अर्धा तास मी साधी कावीळ, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून होणारा ताप), काय काय धरून बसले होते. "शेवटचं जेवण किती वाजता? ओकारी किती वाजता?" हे दोन प्रश्न मी विचारले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर एकाही ओकारीच्या रुग्णाला ते विचारायचं मी चुकवलेलं नाही.

आठ ते पाच म्हणजे नऊ तास. या नऊ तासांतच सगळं आलं. आळंबी खाल्ल्यावर एक-दोन तासांत ओकारी सुरू झाली तर ती बहुधा पोट बिघडवणारी जात असते. हिरवट बीजाणूंची, हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्री त्यातली. हाल होतात, पण सहसा माणूस सुटतो. मस्करिनचा घाम पंधरा मिनिटांपासून दोन तासांच्या आत येतो. सिलोसायबिनचा खेळ तासाभरात सुरू होतो. पण सहा तासांनंतर, विशेषतः आठ-दहा-बारा तासांनी पहिली ओकारी आली, तर अंगात अमाटॉक्सिन आहे असंच धरून चालायचं, मग छत्री कशीही दिसत असो. तोवर ते यकृतात शिरलेलं असतं. पेशीच्या केंद्रात प्रथिनं बनवायचा निरोप लिहून काढणारं एक एन्झाइम असतं, आरएनए पॉलिमरेज २. अमाटॉक्सिन ते बंद पाडतं. निरोप थांबला की पेशी लगेच मरत नाही, आहे त्या साठ्यावर एक-दोन दिवस ढकलते. म्हणूनच मधली ती फसवी तरतरी येते. पोट थांबतं, माणूस बसून बोलतो, नातेवाईक डिस्चार्ज मागतात. त्याच वेळी रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेची खूण, चढत चाललेलं असतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी यकृत बसतं, रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडही मागोमाग. डेथ कॅपसारखी मोठी छत्री असेल तर मोठ्या माणसाला मारायला एखादीच पुरते. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातली आळंबी खाऊन काही दिवसांत १३ जण गेले.

यावर उतारा म्हणून एकच एक इंजेक्शन नाही. भरपूर सलाइन, पुन्हा पुन्हा औषधी कोळशाची पूड, एन-ॲसिटिलसिस्टिन, मिळालं तर सिलिबिनिन, ते नसेल तर पेनिसिलिनचे मोठे डोस, आणि एवढं करूनही यकृत बसलं तर प्रत्यारोपण. त्यासाठी प्रत्यारोपण करणारं मोठं केंद्र गाठायचं, दाता मिळवायचा, लाखोंचा खर्च उभा करायचा. तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसाकडे या सगळ्याला वेळ उरत नाही.

आणि नशेसाठी खाणाऱ्यांच्या बाबतीत घड्याळ आणखी फसवतं. समज, पिशवीत पंधरा शेणावरच्या आणि चुकून दोन गॅलेरिना. पाऊण तासात रंग दिसायला लागले. तुम्ही म्हणाल, "बघ, बरोबर होती." चार तासांत उतरलं, घरी येऊन झोपलात. पहाटे जुलाब. कुणाच्या मनात येईल की हे कालच्याचंच? रात्रीच्या पावभाजीवर ढकलाल. लवकर आलेली लक्षणं एवढंच सांगतात की नशेची जात पोटात होती. दुसरी कोणती नव्हती, हे त्यांना सांगता येत नाही. "तासाभरात जे व्हायचं ते झालं, बाकी काही नाही," हे तुझं वाक्य वाचताना मी जरा थांबले, ते याचसाठी.

ठीक, समजा छत्री बरोबरच निघाली, निव्वळ सिलोसायबिनची. तरी त्याचं प्रमाण कुणी ठरवलेलं नसतं. एकाच शेणावरच्या दोन छत्र्यांत ते कित्येक पटींनी वेगळं असू शकतं आणि पॅनिओलसच्या काही जाती फारच कडक. गेल्या वेळी चार खाल्ल्या म्हणून आज चार, या हिशेबाला अर्थ नाही. मी पाहिलेल्या दहाबारा पोरांपैकी निम्म्यांना 'मजा' मिळालीच नव्हती. त्यांना मिळाली भीती. आपण मेलो आहोत, मित्र आपल्याला मारायला आले आहेत, हात वितळताहेत, अशी. त्या अवस्थेत माणूस पळतो. चोर्ल्याच्या बाजूला पळायला जागा कुठे आहे? एकीकडे दरी, दुसरीकडे धुक्यातून येणारे गोव्याचे ट्रक. एक मुलगा आमच्याकडे मांडीचं हाड मोडून आला होता. धबधब्याच्या वरच्या कातळावरून तो "पायऱ्या उतरत" होता. पायऱ्या नव्हत्याच. बुरशीने मरत नाही म्हणणाऱ्याला कडा विचारत नाही.

तुझ्या मित्राला ठाऊक नसेल अशी आणखी एक गोष्ट. ज्याच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे, त्याला एका वेळच्या सिलोसायबिननेही महिनोन्महिने चालणारा आजार सुरू होऊ शकतो. मी विचारते, "घरात कुणाला मानसिक आजार?" उत्तर ठरलेलं, "छे, आमच्यात कुणाला नाही." या उत्तरावर मी विश्वास ठेवायचं सोडून दिलं आहे. आपल्याकडे असा काका 'देवधर्माला लागलेला' असतो, अशी आत्या 'जरा तापट' असते, आणि तिच्या गोळ्या कपाटात साड्यांखाली असतात. पोरांना त्यांच्या लग्नापर्यंत खरं सांगितलेलं नसतं. म्हणजे ज्या माहितीवर तुझा धोका ठरतो, ती तुझ्यापासूनच लपवलेली असण्याची शक्यता बरीच. बायपोलरवर लिथियम चालू असेल तर सिलोसायबिनने झटके येऊ शकतात. नैराश्याच्या काही गोळ्यांमुळे परिणाम बोथट होतो, मग "चढत नाही" म्हणून पोरं आणखी खातात. अमेरिकेत एका बायपोलर तरुणाने अशा छत्र्या उकळून ते पाणी शिरेत टोचून घेतलं. ती बुरशी त्याच्या रक्तात वाढली आणि त्याचे बरेच अवयव निकामी व्हायला लागले. २०२१ मध्ये ही केस छापून आली. वेडेपणा वाटेल, पण नेटवर वाचून सुरू झालेला उद्योग शेवटी कुठे जातो, हे आधी सांगता येत नाही.

काहींना नशा उतरून आठवडे झाले तरी दिव्याभोवती वलयं दिसतात, हलत्या हाताची मागे रेघ उमटते. त्यालाही नाव आहे, उपाय फारसा नाही.

"मग परदेशात डॉक्टर हेच डिप्रेशनवर कसं देतात?" हा प्रश्न येणारच. देतात, खरं आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून परवाना असलेले मनोविकारतज्ज्ञ, दुसऱ्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ते देऊ शकतात. पण तिथे मिलिग्रॅममध्ये तोललेलं शुद्ध औषध असतं, आधी घराण्याचा इतिहास तपासून धोक्याच्या लोकांना बाजूला काढलेलं असतं आणि पूर्ण वेळ शेजारी शिकलेला माणूस बसलेला असतो. त्याचा जांबोटीच्या उतारावरच्या पिशवीशी संबंध जोडणं म्हणजे भूलतज्ज्ञ भूल देतो म्हणून रस्त्यावर कुणाच्याही हातचं इंजेक्शन घेणं. कुणी सोमरसाचा दाखला देत असेल तर तेही निकालात काढते. गॉर्डन वॉसन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये मांडलेला 'सोम म्हणजे छत्रीच' हा तर्क लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमानितेबद्दल होता. तिच्यात सिलोसायबिन नसतं, मस्किमॉल असतं. ती झाडांच्या मुळांशी येते, शेणावर नाही. आणि तो तर्क पुष्कळ विद्वानांनी मान्य केलेला नाही. मस्किमॉलने माणूस एकदा पेंगतो, एकदा खवळतो, अंगाला झटके देतो, कधी बेशुद्ध पडतो.

गोव्याहून येणारी वाळलेली पुडी किंवा 'मशरूम चॉकलेट' हा वेगळाच जुगार. बाजारातल्या साध्या मशरूमवर दुसरं रसायन मारून विकल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. पुडीत छत्रीचा आकारही उरलेला नसतो, तेव्हा आम्ही ओळखायचं कशावरून?

आता काही झालंच तर.

एका रात्री अकराला एका मुलाला चौघांनी उचलून आणलं. नाडी १३०, बाहुल्या टपोऱ्या, कुणालाच ओळखेना. मित्र म्हणाले, पाणीपुरी खाल्ली. आईवडील पोचले. आई रडत म्हणाली, "डॉक्टरबाई, पोराला बाहेरचं लागलंय बगा, तिन्हीसांजेला त्या नाल्यावर गेल्ता." आम्ही मेंदूज्वर धरून डोक्याचा स्कॅन केला, पाठीतलं पाणी काढायची तयारी झाली. सुई हातात घ्यायच्या वेळेला त्यातला एक मित्र मला दाराबाहेर बोलावून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का?" तेव्हा पावणेदोन वाजले होते. खरं कळल्यावर उपचार अगदी साधा होता. एकट्याची खोली, मंद दिवा, ओळखीचं एक माणूस, शांत करणारं लोराझेपाम आणि लक्ष. त्यानंतर दोन दिवस मी त्याचं यकृत तपासत राहिले, ते का, ते आता तुला कळलं असेल.

तेव्हा खरं सांगायचं, आणि पहिल्या मिनिटाला सांगायचं. लघवीच्या नेहमीच्या ड्रग टेस्टमध्ये सिलोसिन दिसत नाही, म्हणजे तू सांगितलं नाहीस तर यंत्रही सांगणार नाही. पोलिसांची भीती असते, तीही फेटाळत नाही. सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; बाळगण्याचं प्रमाण वाढलं तर शिक्षा पुष्कळ जड. विषबाधा म्हटली की आम्ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, नोंदवतो, हे मी लपवणार नाही. पण नोंद झाली तर तू नंतर वकील गाठू शकतोस. यकृत गेल्यावर वकील काय करणार?

उरलेल्या छत्र्या टाकून देऊ नका. कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकमध्ये नको, सडून चिखल होतो. ओकारीत तुकडे असतील तर तेही डबीत घ्या. जागेवर उगवलेल्या शिल्लक असतील तर मोबाइलवर फोटो काढा. वरून, खालून, बुडासकट. किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा, घाबरलेल्या माणसाला वेळ आठवत नाही. ज्याने ज्याने खाल्लं, त्या सगळ्यांनी यायचं, ज्याला काहीच होत नाही त्यानेसुद्धा.

घरी मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून ओकारी काढू नका. भ्रमात असलेल्याची ओकारी फुप्फुसात जाते आणि मग भलतंच दुखणं होऊन बसतं. चिंचेचं पाणी, ताक, तूप, हळद, काही नको. माणूस झोपेत असेल तर कुशीवर वळवा. खवळला असेल तर पाचजणांनी अंगावर बसू नका; एकाने हळू आवाजात नाव घेऊन बोलत राहा, बाकीच्यांनी गाडीच्या किल्ल्या आणि वाट सांभाळा. अंग तापलं असेल, कातडी कोरडी असेल, तोंड सुकलेलं असेल तर धोतरा पोटात गेल्याचीही शंका घ्यायची. पोरं दोन्ही एकाच दिवशी करून बघतात, हेही पाहून झालं आहे.

१०८ बोलवा, पण कणकुंबीच्या पुढे रेंजचा भरवसा नाही आणि पावसात तिथून बेळगाव दीड तासावर. दुचाकीवर मध्ये बसवून आणू नका, तो चालत्या गाडीवरून उतरेल. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस चालू असतं: १८०० ११६ ११७. गावातल्या डॉक्टरलाही हा नंबर द्या. कुणीही फोन करू शकतं आणि त्यात कमीपणा नाही, मी स्वतः केला आहे. नशेनंतर मन थाऱ्यावर येत नसेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत आणि कानडीतही बोलता येतं.

तुझ्या मित्रांनी खाल्ली ती नेमकी कधी, हे तू लिहिलं नाहीस. पाच दिवसांच्या आतली गोष्ट असेल तर दोघांनाही आजच घेऊन ये. उपाशीपोटी यायची गरज नाही. एसजीपीटी (यकृत), प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठणं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड), रक्ताच्या तीन तपासण्या. ओकारी-जुलाब होऊन थांबले असतील आणि "आता बरं वाटतंय" म्हणत असतील, तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नकोस, आधी निघ.